रात्री ठरावीक सेवाच रखडतात: नेट न्यूट्रॅलिटीचा भंग की नुसती गर्दी?

चौकस_सातारकर

मंडळी, २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. घेतलंय गावातल्या केबलवाल्याकडून, परवाना मागच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचा. दिवसा काहीच तक्रार नाही. रात्री आठ ते अकरा मात्र असं होतं:

– स्पीडटेस्ट १८५ ते १९५ दाखवते.
– एक व्हिडिओ सेवा ४८० पीच्या वर चढत नाही. त्याच वेळी, त्याच टीव्हीवर दुसरी सेवा ४के बिनबोभाट चालते.
– गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. दिवसा पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १५ च्या आसपास, रात्री शंभराच्या पुढे.
– मुंबईचा व्हीपीएन (सगळा डेटा कुलूपबंद करून आधी दुसऱ्या सर्व्हरकडे नेणारी सोय) लावला की रखडलेली व्हिडिओ सेवा लगेच १०८० पीवर येते.

हेल्पलाइनवर एकच उत्तर: "सर, आमच्याकडून स्पीड पूर्ण आहे." हे थ्रॉटलिंग (कंपनीने मुद्दाम वेग दाबणं) आहे का? असेल तर सिद्ध कसं करायचं आणि तक्रार कुठे करायची?

केबलकट्टा

व्हीपीएन लावल्यावर सुटतंय ना? मग थ्रॉटलिंगच. आपल्याकडे २०१६ पासून नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा आहे, सगळा डेटा समान. ट्रायला (दूरसंचार नियामकाला) मेल ठोका, दुसऱ्या दिवशी सरळ होतील.

पॅकेट_पाटील

केबलकट्टा, व्हीपीएनचा पुरावा इथे लंगडा आहे. व्हीपीएन लावला की दोन गोष्टी एकदम बदलतात. कंपनीच्या यंत्राला आतला डेटा कुठल्या सेवेचा आहे ते दिसेनासं होतं, आणि पॅकेटांचा (डेटाच्या तुकड्यांचा) रस्ताही बदलतो. फरक कशामुळे पडला ते त्यातून कळत नाही. मला रस्त्याचाच संशय जास्त आहे, कारण गेमचं पिंगही त्याच तासांत चढतंय. व्हिडिओ दाबायला निघालेली कंपनी गेमच्या वाट्याला कशाला जाईल?

आता गर्दी कुठे कुठे होऊ शकते ते बघू.

पहिली जागा घरातली. स्पीडटेस्ट आणि व्हिडिओ एकाच उपकरणावर, एकाच वायफायवर असतील तर ती बाद. (कुणाची स्पीडटेस्ट बरोबर ९४ वर अडकत असेल तर लॅनच्या केबलची एखादी जोडी तुटलेली असते आणि पोर्ट गिगाबिटऐवजी १०० वर जुळतो. त्याचा कंपनीशी संबंध नाही.)

दुसरी जागा गल्लीतलं फायबर. जीपॉनच्या (घरोघरी फायबर वाटायच्या तंत्राच्या) एका पोर्टवर खाली येणारी क्षमता २.४८८ जीबीपीएस असते आणि स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ घरांना २०० चा प्लॅन विकला तर १२.८ जीबीपीएस विकले, म्हणजे क्षमतेच्या पाचपट. यात लबाडी नाही, सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत हे गृहीत धरूनच जगभर घरगुती ब्रॉडबँड विकलं जातं. पण इथे गर्दी असती तर तुमची स्पीडटेस्टही पडली असती. ती पडत नाही, म्हणजे हीही जागा बाद.

तिसरी जागा कंपनीच्या बाहेरच्या दारांची, आणि बहुतेक घोळ तिथेच असतो. डेटा तीन दारांनी येतो. काही मोठ्या सेवा आपले कॅश सर्व्हर (मजकुराच्या प्रती ठेवणारी यंत्रं) थेट कंपनीच्या आत बसवतात. गूगल आणि नेटफ्लिक्स दोघेही पुरेसा ट्रॅफिक असलेल्या इंटरनेट कंपनीला असे डबे देतात. दुसरं दार इंटरनेट एक्स्चेंजचं, जिथे कंपन्या एकमेकांशी थेट डेटाची देवाणघेवाण करतात: मुंबईत निक्सी, डीई-सिक्स, एक्स्ट्रीम आयएक्स. तिसरं विकतच्या ट्रान्झिटचं, म्हणजे मोठ्या कंपनीकडून एमबीपीएसच्या दराने घेतलेली वाट. तिसरं दार सगळ्यात महाग, म्हणून छोटी-मध्यम कंपनी तिथेच काटकसर करते. ज्या सेवेचा कॅश आत आहे ती ४के चालते, जिचा डेटा ट्रान्झिटने येतो ती रात्री रखडते. कुणी काही मुद्दाम दाबलेलं नसतं, पोर्ट भरलेला असतो.

आणि स्पीडटेस्ट १९० का? कारण ती जवळात जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बहुधा कंपनीनेच आपल्या आत ठेवलेला असतो. डेटा दाराबाहेर जातच नाही. टेस्टमध्ये हाताने सर्व्हर बदला: मुंबईतलाच, पण दुसऱ्या कंपनीचा. मग खरा आकडा दिसेल. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, तेही चालवून बघा.

खरं थ्रॉटलिंग दिसायला वेगळं असतं. वेगाची रेघ सपाट, एखाद्या गोल आकड्यावर थांबलेली, आणि पहाटे चारलाही तीच. किंवा सुरुवातीचे काही सेकंद पूर्ण वेग आणि मग एकदम कडा तुटल्यासारखा खाली (टोकन बकेटची सही ही, आधी साठलेली सवलत संपते आणि मर्यादा लागू होते). गर्दीचा आलेख मात्र हलतो, घड्याळाप्रमाणे चढतो-उतरतो, त्याच्याबरोबर पिंग आणि पॅकेट लॉसही (वाटेत हरवणारी पॅकेटं) वाढतात, आणि त्या वाटेवरच्या सगळ्याच सेवांना फटका बसतो.

करायचं असं:

१. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. घरातलं बाकी सगळं थांबवा, टीव्हीचं आणि फोनचं बॅकअपसुद्धा.

२. विंडोजवर विनएमटीआर, लिनक्स किंवा मॅकवर एमटीआर घ्या. वाटेतल्या प्रत्येक राउटरचा, म्हणजे हॉपचा, पिंग आणि लॉस ते दाखवतं. गेमच्या सर्व्हरचा पत्ता टाका. रखडणाऱ्या व्हिडिओ सेवेसाठी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, व्हिडिओचे तुकडे ज्या डोमेनवरून येतात तो पत्ता घ्या. सेवेच्या मुखपृष्ठाचा पत्ता घेऊ नका, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी असतो.

३. दुपारी तीनला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा, प्रत्येक वेळी किमान ३०० पॅकेट जाऊ द्या. सेकंदाला एक म्हणजे पाच मिनिटं.

४. वाचताना शेवटची ओळ आधी बघा. मधल्या एखाद्या हॉपवर ४० टक्के लॉस दिसला आणि पुढच्या हॉपवर शून्य, तर तो लॉस नाहीच. ते राउटर पिंगला उत्तर द्यायचं काम मागे टाकतं, इतकंच. लॉस किंवा पिंगची उडी एका हॉपवर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी. या एका चुकीमुळे निम्म्या तक्रारी कंपनी पहिल्याच फोनला उडवून लावते.

५. मग वेहे अ‍ॅप. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे, अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी केलंय. फ्रान्सच्या नियामकानेही ते नागरिकांच्या हाती दिलंय. ते एखाद्या सेवेचा नोंदवून ठेवलेला ट्रॅफिक जसाच्या तसा पुन्हा चालवतं आणि मग तोच, पण आतले बिट उलटे करून. दोन्ही वेळा सर्व्हर तोच, वाट तीच. बदलतो फक्त ओळखता येणारा मजकूर. व्हीपीएनमध्ये जी सरमिसळ होते ती इथे होत नाही. पहिला संथ आणि दुसरा वेगवान आला, आणि तीन-चार वेळा तसंच आलं, तर तुमच्या हातात थ्रॉटलिंगचा दमदार पुरावा आहे.

वेहेची एक मर्यादा: कंपनी मजकूर न बघता फक्त सेवेच्या आयपी पत्त्यावरून दाबत असेल तर हे अ‍ॅप ते पकडू शकत नाही, कारण चाचणीचा सर्व्हर वेहेचा स्वतःचा असतो. म्हणून एमटीआरची जोड हवीच.

कलम_कारकून

तांत्रिक बाजू वर आली, मी कायद्याची मांडतो. "सगळा डेटा समान" हे घोषणा म्हणून ठीक आहे, तक्रारीत लिहिलंत तर चालणार नाही. आपल्याकडे दोन वेगळे दस्तऐवज आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला ८ फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा विनियम. तो दराबद्दल आहे. कंटेंट बघून डेटाचा वेगळा भाव लावायचा नाही. फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यानेच बंद पडलं. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. वेग कमी-जास्त करण्याविषयी त्यात काही नाही.

दुसरा २०१८ चा. ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ ला शिफारशी दिल्या, दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये त्या मान्य केल्या आणि परवान्याच्या अटींत घातल्या. वेगाबद्दलचा नियम हा. अडवणं, दर्जा उतरवणं, वेग कमी करणं किंवा एखाद्याला झुकतं माप देणं, यांतलं काहीही कंटेंट, पाठवणारा-घेणारा, प्रोटोकॉल किंवा उपकरण बघून करायचं नाही. म्हणजे "टॉरेंट आहे म्हणून दाबला" हाही भंगच, त्यातून काय उतरवलं जातंय याच्याशी संबंध नाही.

याला अपवाद आहेत. वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला मुभा आहे, पण ती तात्पुरती, प्रमाणशीर आणि पारदर्शक असली पाहिजे. कुठे केबल तुटली आणि दोन तास सगळ्यांचाच वेग आवळला, तर वाजवी. रोज रात्री आठला एकाच सेवेला टाच लावली, तर नाही. आणीबाणीच्या सेवा, कोर्टाचे आणि सरकारचे आदेश हेही अपवाद. एखादी टॉरेंट साइट उघडतच नाही तेव्हा बहुधा कोर्टाचा नाहीतर सरकारचा ब्लॉकिंग आदेश असतो. तिथे न्यूट्रॅलिटीचा मुद्दा काढून उपयोग नाही. कंपनीची स्वतःची आयपीटीव्ही सेवा वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारेवरच्या वेगळ्या वाटेवर) चालत असेल तर तीही सर्वसाधारण इंटरनेटमध्ये मोजत नाहीत, मात्र ती आडवाट म्हणून वापरता येत नाही.

आणि सीडीएन. पाटलांनी सांगितलेले ते कॅशचे डबे २०१७ च्या शिफारशींत भेदभावाच्या नियमातून सरळ बाहेर ठेवले आहेत. माझ्या मते सगळ्यात मोठी फट तीच. कंपनीने एका सेवेचा डबा आत घेतला आणि दुसरीला ट्रान्झिटच्या भरलेल्या पोर्टवर सोडून दिलं, तर ग्राहकाला दिसणारा परिणाम थ्रॉटलिंगइतकाच, पण कागदावर भंग नाही. अमेरिकेत कॉमकास्ट आणि नेटफ्लिक्सचं २०१४ चं भांडण याच जागेवरचं होतं. शेवटी नेटफ्लिक्सने पैसे मोजून थेट जोडणी घेतली.

शेवटी तुमच्या केसबद्दल. निदान "पोर्ट भरलाय" असं निघालं तर न्यूट्रॅलिटीचं नाव काढू नका, सेवेच्या दर्जाची तक्रार करा. ब्रॉडबँडच्या २००६ च्या दर्जा-विनियमांत वर्दळीच्या तासात अपस्ट्रीम लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत आणि पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत अशा कसोट्या होत्या. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे एकत्रित विनियम लागू आहेत, तक्रारीत उल्लेख त्यांचा करा.

केबलकट्टा

बरं, मग मोबाइलच्या रिचार्जवर ओटीटीचं सबस्क्रिप्शन फुकट देतात ते कसं चालतं? आणि महागड्या प्लॅनवाल्याला जास्त वेग?

कलम_कारकून

सबस्क्रिप्शन फुकट असतं, त्याने ओढलेला डेटा नसतो. डेटा तुमच्या कोट्यातूनच कापला जातो, त्यामुळे २०१६ चा विनियम आड येत नाही. "या अ‍ॅपचा डेटा मोजणार नाही" म्हटलं की आड येतो.

महागड्या प्लॅनला जास्त वेग देणं हा कंटेंटवरचा भेदभाव नाही, सगळ्या सेवांना सारखाच लागू होतो. पण तिथेही सरसकट मोकळं रान नाही. २०२० च्या जुलैत एअरटेलच्या प्लॅटिनम आणि व्होडाफोन आयडियाच्या रेडएक्स या "प्राधान्य" योजना ट्रायने रोखायला सांगितल्या. प्रश्न न्यूट्रॅलिटीपेक्षा हा होता की गर्दीच्या टॉवरवर एकाला पुढे काढलं की बाकीच्यांचा दर्जा घसरतो, आणि "जास्त वेग" या जाहिरातीला आकड्याचा आधार काय. प्रकरण टीडीसॅटपर्यंत (दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत) गेलं.

ऱ्हाईनकाठी

इकडे जर्मनीत हेच उलट्या क्रमाने झालं. दूरसंचार कंपनी टेलिकोमची स्ट्रीमऑन नावाची सोय होती: भागीदार सेवांचा डेटा कोट्यात मोजत नसत, आणि काही प्लॅनवर त्याच बदल्यात व्हिडिओचा दर्जा उतरवत. युरोपचा खुल्या इंटरनेटचा नियम २०१५ चा, पण शून्य दर (असा न मोजलेला डेटा) सरसकट मना आहे की नाही यावर वर्षानुवर्षं खल चालला. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो नियमाविरुद्ध ठरवला, त्यानंतर नियामकाने स्ट्रीमऑन गुंडाळायला लावलं. भारताने हे दार २०१६ लाच लावून घेतलं होतं. दराच्या बाबतीत आपला नियम युरोपपेक्षा स्वच्छ आहे, अंमलबजावणीचं मात्र बोलायला नको.

चौकस_सातारकर

सगळ्यांचे आभार. पाटीलसाहेब, सांगितल्याप्रमाणे केलं. गेमच्या सर्व्हरचं एमटीआर, सरासरी पिंग आणि लॉस:

दुपारी: हॉप १ राउटर १ मिसे (मिलिसेकंद), हॉप २ (१००.६४ ने सुरू होणारा पत्ता) ३; हॉप ४ पुणे ६; हॉप ५ मुंबई, कंपनीचाच ९; हॉप ६ ट्रान्झिट कंपनी १०; शेवट १२. लॉस शून्य.

रात्री: हॉप ५ पर्यंत आकडे जवळपास तेच. हॉप ६ वर ९६ मिसे आणि ७ टक्के लॉस. शेवटच्या हॉपवर १०१ आणि ७ टक्के. हॉप ४ वर ३० टक्के लॉस दिसतो पण पुढे नाही, तो तुम्ही म्हणालात तसा सोडून दिला.

व्हिडिओच्या पत्त्याची वाटही हॉप ६ मधूनच जाते. वेहेवर दोन्ही फेऱ्या रात्रीसुद्धा सारख्याच, पुन्हा केल्या तरी तेच. दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर स्पीडटेस्ट रात्री २२.

पॅकेट_पाटील

याहून स्वच्छ एमटीआर क्वचित बघायला मिळतं. हॉप ५ आणि ६ च्या मधला पोर्ट रात्री भरतोय. ९ वरून ९६, म्हणजे ८५-९० मिसे पॅकेट रांगेत उभी आहेत, आणि रांगेची जागा संपली की उरलेली टाकून दिली जातात, ते ७ टक्के. वेहेला फरक दिसत नाही, म्हणजे मजकूर बघून दाबणं नाही. व्हीपीएनचा सर्व्हर ज्या डेटा सेंटरमध्ये आहे तिथे तुमची कंपनी बहुधा एक्स्चेंजवरून पोचते, त्यामुळे भरलेला पोर्ट टळतो. व्हीपीएन चालू ठेवून त्याच्या सर्व्हरचं एमटीआर काढलंत तर हॉप ६ वेगळा दिसेल.

एक सावधगिरी. एमटीआर फक्त जाण्याची वाट दाखवतं. येण्याची वाट वेगळी असू शकते आणि व्हिडिओचा सगळा भार येणाऱ्या बाजूला असतो. म्हणून तक्रारीत "हॉप ६ च्या राउटरमध्ये बिघाड" असं लिहू नका, ते लगेच हात झटकतील. "तुमच्या मुंबईच्या नोडपासून ट्रान्झिटपर्यंतच्या जोडणीवर, कुठल्यातरी दिशेने, रात्री गर्दी" असं लिहा.

मजकूर साधारण असा:

"ग्राहक क्रमांक अमुक, प्लॅन २०० एमबीपीएस. रोज रात्री ८ ते ११ आपल्या मुंबई नोडनंतरच्या पहिल्या ट्रान्झिट हॉपवर सरासरी विलंब १० वरून ९६ मिलिसेकंद व पॅकेट लॉस ७ टक्के होतो, तो अंतिम हॉपपर्यंत टिकतो. आपल्या जाळ्याबाहेरील सर्व्हरवर त्या वेळी डाउनलोड २२ एमबीपीएस. लॅपटॉप केबलने जोडलेला, इतर उपकरणे बंद. दुपारचे व रात्रीचे एमटीआर सोबत जोडले आहे. सदर पोर्टचा वर्दळीच्या तासातील वापर तपासून क्षमता वाढवावी किंवा वाट बदलावी, व केलेली कार्यवाही लेखी कळवावी. कृपया हे एनओसीकडे पाठवावे."

शेवटचं वाक्य विसरू नका, एनओसी म्हणजे कंपनीचं जाळं सांभाळणारा विभाग. हेल्पलाइनच्या पडद्यावर फक्त ओएनटीची (घरातल्या फायबरच्या डब्याची) प्रकाशशक्ती आणि लाइनचा प्रोफाइल दिसतो, बाहेरचे पोर्ट दिसतच नाहीत. म्हणून ते "स्पीड पूर्ण आहे" म्हणतात, आणि त्यांच्या पडद्यापुरतं ते खरंही असतं.

कलम_कारकून

आणि तक्रार कुठे, ते. केबलवाला फ्रँचायझी आहे, परवाना त्याचा नाही. जीएसटी बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट (तक्रार) क्रमांक घ्या. डॉकेटशिवाय पुढची पायरी नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. त्यांनी ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. संपर्क कंपनीच्या संकेतस्थळावर असावाच लागतो. फी नाही.

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, कंपनीकडे पाठवते. त्यापेक्षा केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, दूरसंचार विभाग निवडून टाका. डॉकेट आणि अपील क्रमांक जोडा. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं वकील अजूनही सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला त्या चालतात असा निकाल दिलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होतं.

प्लॅनच्या कागदात एफयूपी (वाजवी वापराची मर्यादा) मात्र आधी बघून ठेवा. "अनलिमिटेड" म्हणवणाऱ्या बऱ्याच फायबर प्लॅनवर महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडून वेग पडला असेल तर वरचं सगळं निरर्थक. तुमच्याकडे दिवसा पूर्ण वेग मिळतो, तेव्हा तो मुद्दा नाही.

पॅकेट_पाटील

पोर्ट वाढेपर्यंतची सोय म्हणून दोन गोष्टी.

राउटरवर बाहेरचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) टाकला असेल तर काही दिवस कंपनीचा लावून बघा. बऱ्याच सीडीएन डीएनएस कुठून विचारतोय त्यावरून जवळचा कॅश ठरवतात. १.१.१.१ सारखा डीएनएस तुमच्या जाळ्याचा पत्ता पुढे कळवत नाही, मग कंपनीच्या आत डबा असूनही तुम्हाला बाहेरच्याकडे पाठवलं जाऊ शकतं. रखडणाऱ्या सेवेला नशिबाने फरक पडेल, गेमला नाही.

गेमसाठी व्हीपीएनच. फक्त तो मुंबईतलाच निवडा आणि युडीपीवर वायरगार्ड वापरा. राउटरवर एसक्यूएम चालू करून याला गुण येणार नाही. एसक्यूएम तुमच्या घरातली रांग आवरतो, ही रांग मुंबईत आहे. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करताना पिंग चढत असेल, तर तिथे तो कामाचा: वेग प्लॅनच्या ९० टक्क्यांवर बांधा, केक ही त्यातली पद्धत निवडा.

चौकस_सातारकर

कंपनीचा डीएनएस लावला. व्हिडिओ ७२० पीवर आला, पत्ताही बदललाय. गेम जैसे थे. तक्रार वरच्या मजकुरासकट टाकली, डॉकेट मिळालं. उत्तर आलं की इथेच टाकतो.